वयाच्या तक्त्याने मुलांना मोजू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांच्या मनोसामाजिक विकासाच्या अवस्थांवर, म्हणजे जन्मापासून म्हातारपणापर्यंतच्या आठ टप्प्यांवर आणि प्रत्येक टप्प्यातील दोन परस्परविरोधी भावनांच्या जोडीवर, आलेला लेख वाचला. विषय निवडल्याबद्दल आपले आभार मानावेत, असे पहिले दोन परिच्छेद वाचेपर्यंत वाटत होते. परंतु सोबतचा तक्ता पाहून मन इतके अस्वस्थ झाले की आज सकाळी सर्वांत आधी हे पत्र लिहायला बसले.

तक्त्यात प्रत्येक वयापुढे मुलाने काय ‘साध्य’ करायचे ते दिले आहे आणि शेजारच्या रकान्यात ते न साधल्यास होणारे नुकसान. दीड ते तीन वर्षांच्या ओळीत शी-शूवरील ताबा ही अट आहे, आणि ती पुरी न झाल्यास आयुष्यभराची लाज. असाच एक तक्ता मी गेल्या वर्षी माझ्या नातवाच्या प्लेग्रुपच्या भिंतीवर पाहिला होता. तेव्हा तो अडीच वर्षांचा होता आणि घरी ‘आजी, शू’ म्हणत माझे बोट धरून न्हाणीघरापर्यंत नेत असे. एके दिवशी प्लेग्रुपमध्ये त्याची चड्डी ओली झाली, तेव्हा ती बदलण्याआधी बाईंनी त्याला सगळ्या मुलांसमोर उभे केले आणि ‘हा बघा अजून बाळच आहे’ असे म्हणून मुलांना हसायला लावले. मी त्याला न्यायला आले होते. हे सारे मी दारातून पाहिले. त्यानंतर जवळजवळ महिनाभर तो घरीसुद्धा सांगेनासा झाला. ओल्या चड्डीने कपाटाआड गुपचूप उभा राही. मी विचारायला गेले, तर भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवून सांगण्यात आले की तीन वर्षांच्या आत हे व्हायलाच हवे, नाहीतर मूल मागे पडते.

एरिक्सन यांनी या अवस्थेला ‘स्वायत्तता विरुद्ध लज्जा व संशय’ असे म्हटले. या वयात मूल धरून ठेवायला आणि सोडायला शिकते, ‘नाही’ म्हणते, ‘मीच करणार’ म्हणून हट्ट धरते. शी-शू हा त्या धडपडीचा एक भाग आहे. अशा वेळी मोठ्यांनी त्याला सर्वांदेखत उघडे पाडले, तर लाज तिथूनच रुजते. म्हणजे ज्या हानीची भीती तक्ता घालतो, ती हानी त्या तक्त्याच्याच आधारे माझ्या नातवाला केली गेली.

शिवाय, या अवस्थांना यशाची मोजपट्टी बनवू नये, असा इशारा खुद्द एरिक्सन यांनी ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या १९५० च्या आपल्या ग्रंथाच्या १९६३ मधील दुसऱ्या आवृत्तीत तळटीप घालून दिला होता. अविश्वास, लज्जा, न्यूनत्व या भावना एखाद्या वयात कायमच्या संपत नाहीत, त्या चांगल्या भावनांच्या जोडीने जन्मभर राहतात, असे त्यांचे म्हणणे होते. अनोळखी माणसाकडे जाताना तान्हे मूल बिचकते, तो थोडा अविश्वास त्याला हवाच असतो. आपल्या लेखकांनी या इशाऱ्याला एक ओळही दिलेली नाही.

आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. शेवटच्या ओळीत साठीपुढच्या माणसासाठी ‘वैफल्य’ एवढाच शब्द आणि काठीवर हनुवटी टेकलेल्या म्हाताऱ्याचे चित्र आहे. मूळ जोडीतील ‘एकात्मता’, म्हणजे जगलेले आयुष्य आपले म्हणून स्वीकारणे, कुठे गेली? एरिक्सन यांच्या पत्नी जोन यांनी तर नव्वदी ओलांडल्यावर अतिवृद्धत्वाची नववी अवस्था मांडली, आणि ती १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. मी ७१ वर्षांची आहे आणि हे चित्र माझे नाही.

तक्ता चौकटीत असल्याने तो कापून भिंतीवर लावणे सोपे आहे आणि तो लावला जाईल, हे मी अनुभवावरून सांगते. म्हणून दुरुस्ती शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात न छापता त्याच पुरवणीत, तेवढ्याच मोठ्या चौकटीत छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सातारा