आई, तू लिहू नकोस, बोल

आई आणि बाबा,

हे व्हॉट्सॲपवर टाकलं असतं तर बाबांनी स्वतः वाचून आईला दोन शब्दांत सांगितलं असतं, म्हणून मुद्दाम पत्र लिहितेय. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका.

गेल्या पावसात बाबांना ताप आला होता तेव्हा आई ग्रुपवर रोज 'सगळं ठीक' लिहीत होती आणि मला कळलं ते ताप उतरल्यावर, ते पण मावशीकडून. आई, मला राग नाही आला गं, मला काळजी नको म्हणून तू तसं लिहितेस हे काय मला कळत नाही? पण फोनवर बोलली असतीस ना तर तुझ्या नुसत्या 'हॅलो'वरून मी ओळखलं असतं, तुला आवाजात काही लपवता येतच नाही. लिहिलेलं 'ठीक' मात्र चांगल्या दिवशी आणि वाईट दिवशी सारखंच दिसतं. पूर्वी कोकमाची सोलं सुकत घातली की तेवढ्यात पाऊस कसा आला, कोण धावत आलं, कुणी सुपं उचलली हे सगळं तू अर्धा तास सांगायचीस. यंदा मेसेज आला, 'सोलं झाली.' एवढंच! मी वास्कोत बसून त्या दोन शब्दांचं काय करू?

आणि बाबांचं बरोब्बर उलटं झालंय. फोनवर बाबा म्हणजे 'जेवलीस? तिथे पाऊस आहे? बरं, आईशी बोल.' पण लिहायला लागल्यापासून, ते बोटाने स्क्रीनवर अक्षर गिरवायचं जमल्यापासून तर विचारूच नका, आपल्या पोफळीच्या बागेतली, कुळागरातली सगळी खबर येते, कोळेरोग कुठल्या पोफळीला लागला, बोर्डोचं औषध मारायला माणूस मिळाला की नाही, मानकुराद आंबा डझनाला कितीला गेला. आणि त्या रात्री तुम्ही आजीच्या शेवटच्या दिवसांबद्दल केवढं लिहिलंत बाबा, ते तोंडाने तुम्ही कधीच सांगितलं नसतं, मला माहितीये. मी तो मेसेज स्टार करून ठेवलाय. म्हणून मोबाईलने घरं तोडली असं कुणी म्हटलं की मला पटत नाही, आपल्याकडे एक माणूस बोलायचा कमी झाला तसा एक माणूस बोलका पण झाला.

बाबा, तुम्ही पोस्टात होता, तारेला शब्दावर पैसे पडायचे हे तुम्हीच सांगायचात, लोक शब्द मोजून लिहायचे. ती तार २०१३ च्या जुलैमध्ये कायमची बंद झाली. मी होस्टेलला होते तेव्हा एसेमेसचं पण तसंच, इंग्रजी अक्षरांत १६० बसायची आणि देवनागरीत ७० च, म्हणून आम्ही मराठी पण इंग्रजी लिपीत लिहायचो. तेव्हा कमी लिहायला कारण होतं. आता कितीही लिहा, पैसे तेवढेच, तरी आई तारेसारखी लिहिते.

एक संशोधन वाचलं ते सांगते. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी २०१२ मध्ये छापलंय. लहान मुलींना अनोळखी माणसांसमोर भाषण करायला लावलं, गणितं घातली, त्या घाबरल्या. मग काही जणी आईला भेटल्या, काही फोनवर बोलल्या, काहींनी नुसते मेसेज केले आणि काहींचा आईशी संपर्कच नाही. भेटलेल्या आणि फोनवर बोललेल्या मुलींच्या शरीरातला ताणाचा हार्मोन खाली आला, पण मेसेजवाल्यांचा, जशी काही त्यांची आईशी गाठच पडली नाही, तसाच राहिला. शब्द आईचेच होते हो, आवाज नव्हता. त्या मुली लहान होत्या आणि मला आता पोरगा आहे, पण ऑफिसमधून दमून आल्यावर तुझा आवाज ऐकला की माझे खांदे खाली येतात हे मला संशोधनाशिवाय पण माहीत होतं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. बाबा, तुम्ही लिहीत राहा, कितीही मोठं असू दे, मी सगळं वाचते, उत्तराला उशीर झाला तरी. लिहायला हात दुखला तर दुसऱ्या दिवशी लिहा, पण मध्येच थांबवू नका. आणि आई, तू अंगठा पाठवू नकोस. लिहायच्या जागेच्या बाजूला तो माइक दिसतो ना, तो दाबून धर आणि बोल, बोट वर सरकवलंस की लॉक होतं, मग हात मोकळा, भाजी चिरत बोल. कुकरची शिट्टी आली तरी चालेल, उलट येऊ दे. पोरगा तुझा मागचा व्हॉइस मेसेज परत परत लावतो आणि 'आजी कुणाला ओरडतेय' विचारतो, ते मांजराला होतं ना?

लाईट गेली, रेंज गेली तर राहू दे, दुसऱ्या दिवशी पाठव. गणपतीच्या चवथीला आम्ही आदल्या दिवशीच येतोय, गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचं काय काय आणायचं ते आई, बोलून सांग.

तुमची,
बाय