गाडी बघायला गेलास की आधी दार उघड

प्रिय दिन्या,

तुझा मेसेज वाचला. कॅम्पिंगचा ट्रेलर ओढायला मोठी एसयूव्ही कोणती घ्यावी, टाहो की सबर्बन, एक्स्पिडिशन की सिकोया, आणि शेवटी तुझं पालुपद, "ट्रेलर तर सगळ्याच ओढतात, मग प्रश्न काय?" फोनवर सांगायला बसलो तर तू मध्येच रंगांवर घसरशील, म्हणून लिहूनच पाठवतोय.

ओढतात, खरंय. कागदावर टाहोचा कमाल आकडा ८,४०० पौंड, सबर्बनचा आठ हजारांच्या वर, सिकोयाचा ९,५२०, मागच्या पिढीच्या एक्स्पिडिशनचा ९,३००, आणि वॅगोनिअर तर १०,००० म्हणते. आकडे खोटे नाहीत. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ मानकाप्रमाणे चाचणी होते. ॲरिझोनात डेव्हिस डॅमचा सुमारे साडेअकरा मैलांचा चढ आहे. भर उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून, ट्रेलरसकट तो चढायचा आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली येऊ द्यायचा नाही. पण या हिशेबात गाडीत माणसं किती धरतात माहीत आहे? दोन, प्रत्येकी १५० पौंडांची. वर हिचचं, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडायच्या जोडाचं, थोडं सामान, बस्स. तुमच्या घरात दोनच माणसं, आणि तीही १५० पौंडांची, शेवटची कधी होती रे? लग्नाच्या वर्षी असतील कदाचित.

म्हणून तो आकडा बाजूला ठेव आणि ड्रायव्हरचं दार उघड. चौकटीवर टायरच्या माहितीचा एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर छापलेलं असतं. हा पेलोड, आणि तो त्या एका गाडीचा असतो, सगळ्या मॉडेलचा नव्हे. शेजारी उभ्या असलेल्या त्याच नावाच्या गाडीवर शंभर-दोनशे पौंडांचा फरक सहज सापडतो. काचेचं छत, आपोआप बाहेर येणाऱ्या पायऱ्या, फोर व्हील ड्राइव्ह, डिझेल इंजिन, जे जे चढवशील त्याचं वजन इथूनच वजा होतं. महागडं ट्रिम (त्याच मॉडेलची जास्त सोयींची आवृत्ती) म्हणजे कमी पेलोड, असंच धरून चाल. सेल्समन हे आपणहून सांगणार नाही. त्याला विचारलंस तर तो पुन्हा ओढण्याचाच आकडा म्हणून दाखवेल.

आता तुझाच हिशेब मांडू. स्टिकरवर १,६५० आहेत असं समज. तू, वहिनी, दोन्ही मुलं आणि उन्हाळ्यात येणारे काका-काकू मिळून ८०० (तू स्वतःचं वजन खरं सांगितलंस तर). चाइल्ड सीट, कूलर, बॅगा, काकूंच्या डब्यांची पिशवी, हे २००. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे (मागचा भार पुढच्या चाकांवरही वाटून देणारा जोड) १००. उरले ५५०. ट्रेलरचं तोंड हिचच्या गोळ्यावर जेवढा भार टाकतं तो टंग वेट, आणि तोही गाडीच्याच पेलोडमध्ये मोजायचा. तुला हवा तसल्या ट्रेलरला तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के लागतो. त्याहून कमी ठेवलास तर ट्रेलर हायवेवर डुलायला लागतो. १३ टक्के धर. म्हणजे ५५० मध्ये साधारण ४,२०० पौंडांचा ट्रेलर बसतो. तू ज्याचा फोटो पाठवलास तो रिकामाच ५,२०० च्या पुढे आहे, आणि त्या 'रिकामा'मध्ये पाणी नाही, भांडीकुंडी नाहीत, अंथरुणं नाहीत. पाणी गॅलनला ८.३ पौंड भरतं. ४० गॅलनची टाकी भरून निघालास की ३३० पौंड तिथेच गेले.

म्हणजे ओढायची ताकद निम्मी शिल्लक असतानाच वाहायची ताकद संपते. मागे एअर सस्पेन्शन घेतलंस तर गाडीची शेपटी सरळ दिसेल, पण स्टिकरवरचा आकडा तोच राहतो. लोक इथेच फसतात. हिच जिच्यात अडकवतात त्या गाडीमागच्या चौकोनी नळीवर, रिसीव्हरवर, वेगळा स्टिकर असतो. वेट डिस्ट्रिब्यूशन लावलं तर किती चालेल आणि न लावता किती, तेही वाकून वाच.

आता गाड्यांकडे येतो. सहा माणसं आणि सामान, दोन्ही एका वेळी न्यायचं तर टाहोवर फुली मार. तिसरी रांग उभी असताना मागे २५.५ घनफूट उरतात, सबर्बनमध्ये ४१.५. हा फरक म्हणजे सगळ्यांच्या बॅगा. शिवाय सबर्बनचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) १३४ इंच आहे, टाहोचा १२१, आणि मागे लांब ट्रेलर असताना हे तेरा इंच स्टिअरिंगमध्ये जाणवतात. २०२१ पासून दोघींना मागे स्वतंत्र सस्पेन्शन आलं, गाडीतली जमीन खाली गेली आणि तिसऱ्या रांगेत मोठ्या माणसाला गुडघे हनुवटीला न लावता बसता येऊ लागलं. एक्स्पिडिशन घ्यायची तर मॅक्सच, म्हणजे तिची लांब आवृत्ती. तिचं टर्बो व्ही-६ डोंगरात उजवं ठरतं, कारण उंचीवर हवा विरळ होते आणि साधं इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्के ताकद गमावतं, टर्बोचं तितकं जात नाही. सिकोयाचा ५८३ पौंड-फूट टॉर्क वाचून तू हुरळला आहेस, पण तिच्या हायब्रिड बॅटरीमुळे मागची जमीन उंचावली आहे आणि मागे अखंड ॲक्सल आहे. तिसऱ्या रांगेत काकूंना बसवून बघ, मग मला फोन कर.

जनरल मोटर्सची, म्हणजे टाहो-सबर्बनपैकी, जुनी गाडी बघत असशील तर ६.२ लिटर व्ही-८ बद्दल नीट चौकशी कर. २०२१ ते २०२४ च्या या इंजिनांपैकी लाखो २०२५ च्या एप्रिलमध्ये कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्टच्या दोषासाठी परत बोलावली गेली. ५.३ कमी जोरदार असलं तरी तुझं काम त्यावर भागेल. माझं मत विचारशील तर सबर्बन, मधलं ट्रिम, टू व्हील ड्राइव्ह, लहान चाकं आणि मॅक्स ट्रेलरिंग पॅकेज. बर्फात राहत असतास तर फोर व्हील म्हटलं असतं. हे पॅकेज कारखान्यातूनच आलेलं घे. त्यात जास्तीचं कूलिंग आणि ट्रेलरचे ब्रेक चालवणारा डॅशमधला ब्रेक कंट्रोलर येतो.

त्या कंट्रोलरवर हाताने दाबायची एक कळ किंवा दांडी असते, तिचं काम आधी रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये शिकून घे. मोठा ट्रक शेजारून गेला की त्याची हवा ट्रेलरला आधी ढकलते, मग ओढते, आणि आरशात ट्रेलरची मागची कड एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे दिसायला लागते. पाय आपसूक ब्रेककडे जातो. तो जाऊ द्यायचा नाही. स्टिअरिंग सरळ धरायचं, गॅस सोडायचा आणि तेवढी कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ट्रेलर मागे खेचला जातो आणि दोरी ताणल्यासारखा सरळ होतो.

पेट्रोलचं सांगायलाच नको, ट्रेलर मागे असला की मायलेज जवळजवळ निम्मं. सबर्बनची टाकी २८ गॅलनची आहे तरी दोनशे मैलांवर पंप शोधायला लागायचं. मुलांना तसंही थांबायचंच असतं.

पहिल्या मोठ्या प्रवासाआधी हायवेवरच्या ट्रक स्टॉपमध्ये कॅट स्केलवर, म्हणजे गाड्यांच्या वजनकाट्यावर, जा. पुढची चाकं पहिल्या पाटावर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची तिसऱ्यावर. खिडकीतून हात काढून बटण दाब, स्पीकरवरून विचारतील, आणि आत जाऊन चिठ्ठी घे. वेट डिस्ट्रिब्यूशनचे दांडे काढून हे एकदा कर. मग ट्रेलर बाजूला लावून नुसती गाडी परत चढव, माणसं तीच आत ठेवून. गाडीच्या दोन्ही ॲक्सलच्या बेरजेतला फरक म्हणजे तुझं खरं टंग वेट.

काका-काकू तीनच महिने असणार आहेत, तर एक वेगळा विचार करून बघ. तेवढ्यापुरती वहिनी दुसरी गाडी घेऊन मागून येऊ शकतील का? त्यांच्यासोबत आणखी एकजण गेला तरी दोन माणसं आणि त्यांच्या बॅगा कमी होऊन साडेतीनशे पौंड मोकळे होतात. ते जमणार नसेल तर ट्रेलर लहान घे. चार झोपायच्या जागा आत आणि तुम्हा दोघांना बाहेर तंबू. वहिनींना विचारून मगच ठरव, माझं नाव सांगू नकोस.

शनिवारी गाडी बघायला जाशील तेव्हा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो पाठव, आणि ट्रेलरवरच्या व्हीआयएन (वाहनाचा ओळख क्रमांक) स्टिकरचाही. मी घरीच आहे, लगेच हिशेब करून कळवतो. तोपर्यंत इसार देऊ नकोस.

काका-काकूंना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझा,
अभ्या