समाजकार्य शिकवणाऱ्यांनी आधी क्षेत्रकार्य तपासावे

महोदय,

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या विद्यार्थ्याचे आठवड्यातले साधारण दोन दिवस क्षेत्रकार्यात, म्हणजे संस्थेत वा वस्तीत जाऊन प्रत्यक्ष काम शिकण्यात जातात. विषमता शिरते ती तिथेच. येरवड्यातली संस्था मिळाली तर पीएमपीच्या शहर बसपासावर भागते. भोरच्या आतल्या वाडीवर जायचे तर एसटी, पुढे जीप, दुपारचे जेवण, सारे पदरचे. शिष्यवृत्ती महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अडकली की खाडे होतात, अंतर्गत गुण कापले जातात आणि वर ‘अनियमित’ असा शेरा. हा सरळसरळ अन्याय आहे.

नेमणुकीआधीच प्रत्येकाचे अंतर व भाडे लिहून घ्यावे आणि प्रवासखर्च आगाऊ द्यावा. बिले जमा करून महिनाअखेरीस मिळणारे पैसे उपयोगाचे नाहीत, कारण खोळंबा पहिल्याच आठवड्यात होतो. अहवाल मराठीत स्वीकारावेत. गुण निरीक्षणाला हवेत, इंग्रजीला नव्हे. सफाई कामगारांच्या वस्तीत कोणी जायचे, हे आडनावावरून तर मुळीच ठरू नये.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१२ च्या नियमावलीत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकाऱ्याची तरतूद आहे. त्या अधिकाऱ्याचे नाव वर्गावर्गात लावावे. मात्र क्षेत्रकार्याचे गुण देणाऱ्या शिक्षकाकडेच हे पद देऊ नये. त्याच्याकडे कोणीही तक्रार घेऊन जाणार नाही.

– क्षेत्रकार्य मार्गदर्शक, पुणे