बॉनेट उघडा, झाकण नको!

उन्हाळी सुट्टी लागली की बोरघाटात बॉनेट वर करून उभ्या असलेल्या गाड्या दिसू लागतात. खोपोलीत माझं गॅरेज आहे, म्हणून लिहितो. तापमानाचा लाल दिवा लागला की लोक फडकं घेऊन आधी रेडिएटरचं झाकणच फिरवतात. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं. ते थेट तोंडावर उडतं. इंजिन बंद करा, अर्धा तास तरी थांबा.

दोष कुठे, ते बरंचसं गाडीच सांगते. ट्रॅफिकमध्ये तापते आणि पळताना ठीक असते, तर रेडिएटरचा पंखा, त्याचा फ्यूज किंवा रिले (पंखा चालू करणारा विजेचा स्विच) बघा. चढावरच तापते, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) कमी असेल किंवा रेडिएटर चोंदला असेल. रेडिएटरचा वरचा होजपाइप चटका देतो आणि खालचा गार लागतो? बहुधा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला वाट देणारी झडप, उघडत नाही. (काही कारागीर तो काढूनच टाकतात. हा इलाज नव्हे, पळवाट आहे.) ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली आणि कूलंटही घटत असेल, तर हेड गॅस्केटची (इंजिनच्या वरच्या भागाखालच्या सीलची) शंका घ्या, गाडी टो करूनच आणा.

घाटाच्या पायथ्याशी निदान 'गरम रेडिएटर उघडू नका' एवढा तरी फलक संबंधितांनी लावावा. हॉटेलांच्या जाहिरातींना जागा मिळतेच की!

– एक गॅरेजवाला, खोपोली