बंद घरांची घरपट्टी आणि गावच्या विहिरीसाठी वर्गणी : मुंबईकर ग्रामस्थांना आवाहन

समस्त मुंबईकर ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि तरुण मंडळींना सप्रेम नमस्कार.

मार्चअखेर जवळ आली की आपल्या ग्रामस्थ मंडळाच्या बैठकीत ग्रामपंचायतीच्या हिशेबाचा विषय निघतोच. यंदा तो बराच वेळ चालला. संगमेश्वर तालुक्यातले आपले गाव सह्याद्रीच्या पायथ्याशी आहे. पावसाळ्यात पऱ्या (ओढा) ओलांडता येत नाही आणि एप्रिल लागला की त्याच पऱ्यात खड्डा करून वाडीतल्या बाया वाटीने हंडा भरतात. सरकारचा एवढा निधी येतो, मग पाणी का नाही, असे दरवर्षी कोणीतरी विचारते. विचारणाऱ्याचे चुकत नाही. म्हणून आधी उत्तर देतो, मग मागणे मांडतो.

ग्रामपंचायतीकडे पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. पहिली वाट वित्त आयोगाची, म्हणजे आयोगाच्या शिफारशीने केंद्राकडून येणाऱ्या निधीची. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ८० टक्के वाटा आपल्या राज्यात ग्रामपंचायतींसाठी ठरला, उरलेला पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेसाठी. २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी या निधीतले ६० टक्के बंधित ठरले, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचे. राहिलेल्या ४० टक्क्यांतून गावाच्या गरजेची कामे घेता येतात, पण पगार आणि आस्थापनेचा खर्च त्यातून भागवता येत नाही. यंदा हा बंधित पैसा साठवण टाकी आणि गटारांच्या कामांवर खर्च झाला. ती कामे गरजेचीच होती, त्याबद्दल आपली तक्रार नाही. कोणाला खात्री करायची असेल तर गावाचा विकास आराखडा ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतो. तो जरूर पाहावा.

दुसरी वाट गावाच्या स्वतःच्या उत्पन्नाची : घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती. यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात, आणि ते योग्यच आहे. उरलेल्यात पंपाचे वीजबिल, पाणी सोडणाऱ्याचे मानधन, पाखाडीवरचे (पायऱ्यांच्या वाटेवरचे) दिवे हे सगळे बसवायचे. नळ दारात आला तरी पाणी वर चढवणाऱ्या मोटारीचे बिल गावालाच भरावे लागते.

आपला, म्हणजे मुंबईकरांचा, संबंध इथे येतो. गावातली कित्येक घरे गणपती आणि शिमगा सोडला तर कुलपातच असतात. घरपट्टी मात्र दरवर्षी लागू होते. घर तिघा भावांच्या नावावर, एक विरारला, एक दिव्याला, एक डोंबिवलीला. प्रत्येकाला वाटते दुसऱ्याने भरली असेल. मग कधीतरी घराच्या नोंदीचा आठ-अचा उतारा लागतो तेव्हा सगळी थकबाकी एकदम भरली जाते. तोवर पंपाचे बिल थांबून राहत नाही. देवळाच्या जीर्णोद्धाराला याच माणसांनी सढळ हाताने दिले आहे, तेव्हा प्रश्न दानतीचा नाही, विसर पडण्याचा आहे. म्हणून कार्यकारिणी एकमताने सांगते : मंडळाला एक रुपयाही देण्याआधी आपल्या घराची थकीत घरपट्टी भरा. थकबाकीची यादी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) मागवली आहे. ज्यांना गावी जाणे जमत नाही त्यांनी रक्कम मंडळाकडे द्यावी; कार्यकर्ते ती ग्रामपंचायतीत भरून नमुना १० ची, म्हणजे कर भरल्याची, पावती तुमच्या हाती देतील.

ते झाल्यावर वर्गणी. देवळाखालच्या जुन्या विहिरीत गाळ साचून झरे बुजले आहेत. पाणी तळाला जाते ते मे महिन्यात, तेव्हाच गाळ उपसता येतो; पहिला पाऊस पडला की वर्ष गेले. त्याच कामात कठडाही नव्याने बांधायचा आहे, कारण शाळेची मुले तिथूनच ये-जा करतात. शिवाय पाऊस ओसरल्यावर पऱ्यावर दोन वनराई बंधारे घालायचे आहेत. आपल्या जांभ्या कातळातून पाणी झरझर निघून जाते. मातीने भरलेली पोती रचून ते थोडे दिवस अडवले तरी खालच्या विहिरींना आधार मिळतो. हे बंधारे पुढच्या पावसात वाहून जाणारच, दरवर्षी नव्याने घालायचे असतात. जे बांधकामाच्या साइटवर कामाला आहेत त्यांनी सिमेंटची रिकामी पोती जमवून ठेवली तर तीही आम्हाला देणगीच आहे.

वर्गणी घरटी १,००० रुपये ठरली आहे. ज्याला अडचण असेल त्याने जमेल तेवढे द्यावे, कोणीही हिशेब विचारणार नाही. माहेरवाशिणींना सक्ती नाही, पण त्यांची पावती फाडताना आम्हाला वेगळाच आनंद होतो. करसवलत हवी असेल तर २,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम रोखीने देऊ नये, धनादेश द्यावा किंवा खात्यावर भरावी. विहीर ग्रामपंचायतीची आहे, त्यामुळे जमलेली रक्कम मंडळ स्वतः खर्च करणार नाही. ती ग्रामनिधीत, म्हणजे ग्रामपंचायतीच्या निधीत, जमा होईल आणि काम ग्रामसभेच्या ठरावानेच होईल.

लालबाग-परळच्या खोल्यांत दाटीवाटीने राहून, खाणावळीत जेवून आपल्या आजोबांनी हे मंडळ चालवले. १९८२ च्या गिरणी संपात घराघरातल्या नोकऱ्या गेल्या, तरी त्यांनी गावची वर्गणी थांबू दिली नाही. त्यांच्या वहीतली नावे आजही आमच्याकडे आहेत, आणि त्यातल्या प्रत्येक घराशी आम्ही यंदा संपर्क साधणार आहोत.

ज्यांचे मत गावात आहे त्यांना आणखी एक विनंती. मे महिन्यात बरेचजण गावी असतातच. १ मेच्या ग्रामसभेला वेळ काढून बसा. गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते आणि तेवढी माणसे न जमल्याने सभा तहकूब होते. विहिरीचा ठराव त्याच सभेपुढे आहे. वर्गणी एप्रिलच्या तिसऱ्या रविवारपर्यंत आपापल्या वाडीच्या प्रतिनिधीकडे द्यावी आणि पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपली,
ग्रामस्थ मंडळाची मुंबई कार्यकारिणी