परदेशी हॉटेलांतील हंगामी नोकऱ्यांच्या जाहिराती नोंदणी क्रमांकाशिवाय छापू नयेत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या पानावर जुने ट्रॅक्टर, प्लॉट आणि वधू-वर यांच्या शेजारीच हल्ली आणखी एक जाहिरात नियमाने दिसते: ‘अमेरिका-युरोपात हॉटेल मॅनेजमेंटच्या सिझनल नोकऱ्या, व्हिसा स्पॉन्सरशिपसह, त्वरित संपर्क साधा.’ खाली एक मोबाइल क्रमांक असतो. कार्यालयाचा पत्ता नसतो आणि परदेशी भरती करणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाने दिलेला नोंदणी क्रमांक तर नसतोच. मी चिमूर तालुक्यातील एका गावात अकरा वर्षांपासून ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो. सातबारा, पीकविमा, जातीचे दाखले आणि पासपोर्टचे अर्ज हे माझे रोजचे काम असल्यामुळे या एका जाहिरातीपायी पंचक्रोशीतल्या किती घरांतून पैसा बाहेर गेला, हे मला माझ्या प्रिंटरवरूनच कळते. त्यातले एक घर माझ्या बहिणीचे आहे, म्हणून हे पत्र.

माझा भाचा नागपुरात हॉटेल मॅनेजमेंटची तीन वर्षांची पदवी घेऊन ताडोब्याच्या कोलारा गेटजवळच्या एका रिसॉर्टवर दोन वर्षे काम करत होता. ‘सिझन’ म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. १ जुलैला गाभा क्षेत्रातले पर्यटन बंद झाले की रिसॉर्टवरची निम्मी पोरे घरी परततात, रोवणीला हातभार लावतात आणि १ ऑक्टोबरला गेट उघडले की पुन्हा गणवेश चढवतात. त्यामुळे ‘अमेरिकेतही असाच सिझन असतो, तिकडे उन्हाळाभर काम करायचे आणि थंडीत परत यायचे’ असे जिल्ह्याच्या गावातल्या एका कन्सल्टन्सीवाल्याने सांगितले तेव्हा ते त्याला अगदी ओळखीचे वाटले. मागच्या फेब्रुवारीत त्याने रिसॉर्टची नोकरी सोडली, म्हणजे एप्रिल-मेचा वाघ दिसण्याचा, चार पैसे टिपचे मिळण्याचा ऐन हंगाम तोंडावर असताना. धानाचे चुकारे नुकतेच आले होते. त्यातून आणि बहिणीची पोत गहाण ठेवून १,२०,००० रुपये ‘स्पॉन्सरशिपचे’ म्हणून एका व्यक्तीच्या खासगी खात्यावर भरले गेले. पावती मिळाली नाही. मिळाले ते एक रंगीत पत्र, ज्यावर ‘असिस्टंट हॉटेल मॅनेजर, एच-२बी व्हिसा मंजूर, मुदत दोन वर्षे’ असे छापलेले होते. त्या पत्राची प्रत काढायला तो माझ्याकडे आला तेव्हा पैसे जाऊन आठवडा झाला होता. मामाला आधी विचारले असते तर, हे आता बोलून उपयोग नाही.

त्या पत्रातली जवळजवळ प्रत्येक ओळ त्या व्हिसाच्या नियमांशी विसंगत होती, आणि ते नियम कोणालाही वाचता येतील असे उघड आहेत. एच-२बी हा अमेरिकेचा शेतीखेरीज इतर तात्पुरत्या कामांसाठीचा व्हिसा आहे. त्याची मूळ वार्षिक मर्यादा ६६,००० असून तिचे दोन समान भाग केलेले असतात, एक ऑक्टोबर ते मार्च आणि दुसरा एप्रिल ते सप्टेंबर या काळात रुजू होणाऱ्यांसाठी. अर्ज कामगार करत नाही. स्थानिक माणसे मिळत नाहीत आणि आपली गरज खरोखर तात्पुरती आहे, हे हॉटेलने आधी अमेरिकेच्या कामगार खात्याला पटवून द्यायचे, मग तिथल्या नागरिकत्व व स्थलांतर खात्याकडे अर्ज करायचा, आणि तो मंजूर झाल्यावरच कामगाराने मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखतीला जायचे, असा तो क्रम आहे. हंगामी गरजेसाठी मिळणारे प्रमाणपत्र एका वर्षाहून अधिक काळाचे नसते. म्हणजे ‘मुदत दोन वर्षे’ इथेच पत्र खोटे ठरते. शिवाय हॉटेल तात्पुरते नसते, हंगामातली गर्दी तात्पुरती असते. म्हणूनच या व्हिसावर प्रामुख्याने खोल्या आवरणारे, स्वयंपाकघरातले मदतनीस आणि वाढपी बोलावले जातात. वर्षभर लागणाऱ्या व्यवस्थापकाची जागा त्यात बसवणे कठीण असते.

वेळेचाही हिशेब आहे. मालकाला कामगार खात्याकडचा अर्ज काम सुरू होण्याच्या ७५ ते ९० दिवस आधी करावा लागतो, त्यामुळे १ एप्रिलच्या जागांसाठी जानेवारीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतच अर्जांचा पूर येतो. मार्चमध्ये पैसे घेऊन मेमध्ये पाठवतो म्हणणाऱ्याने हे गणित कसे जमवले, ते त्याला विचारायला हवे होते. मंजूर अर्जाला तीन अक्षरे आणि दहा अंक असा पावती क्रमांक असतो व तो नागरिकत्व व स्थलांतर खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. कामगार खात्याचे ‘सिझनल जॉब्ज’ नावाचे संकेतस्थळही आहे, ज्यावर अशा जागांची कामाचे ठिकाण, वेतन आणि मुदतीसह नोंद असते. भाच्याच्या पत्रावर पावती क्रमांक नव्हता, त्या हॉटेलची नोंद आम्हाला कुठेही सापडली नाही, आणि पत्र ज्या ई-मेलवरून आले तो फुकटात उघडता येणाऱ्या खात्यांपैकी होता. ‘आमची पोरे दहा वर्षांपासून एच-२बीवर जात आहेत’ हे त्या कन्सल्टन्सीवाल्याचे पालुपद तर मला आजही हसवते, कारण १७ जानेवारी २०२५ पासून नवा नियम लागू होईपर्यंत या व्हिसासाठी पात्र देशांची यादी असे आणि त्याआधीच्या यादीत भारताचे नाव नव्हते. यादीबाहेरच्या देशातल्या माणसाला केवळ अपवाद म्हणूनच परवानगी मिळू शकत असे.

माझ्या मते मुख्य मुद्दा पैशाच्या दिशेचा आहे. एच-२बीमध्ये नोकरी मिळवून देण्याचे शुल्क कामगाराकडून घेण्यास मालकाला, त्याच्या वकिलाला आणि दलालाला मनाई आहे, आणि असे शुल्क घेतल्याचे आढळल्यास मालकाचा अर्जच नामंजूर होऊ शकतो. व्हिसाचे शुल्क कामगाराने भरले असेल तर मालकाने ते पहिल्याच आठवड्यात परत करायचे असते. निम्मा करार पूर्ण केलेल्या कामगाराचा जाण्याचा प्रवासखर्चही मालकावरच येतो, आणि करार पूर्ण झाल्यावर परतीचाही. कामाच्या अटी कामगाराला समजेल अशा भाषेत, व्हिसाचा अर्ज करण्यापूर्वी, लेखी द्याव्या लागतात. म्हणजे आमच्या मुलांनी त्या मराठीत मागितल्या तर त्यात काही वावगे नाही. ‘स्पॉन्सर’ या शब्दाचा अर्थच खर्च आणि जबाबदारी उचलणारा असा असताना आपल्याकडे मात्र ती बहिणीच्या पोतीवर उचलली जाते.

सगळीकडे हाच नियम आहे असेही मी म्हणणार नाही, कारण तसे लिहिले तर दुसऱ्या प्रकारे दिशाभूल होईल. हॉटेल व्यवस्थापन शिकलेल्यांसाठी अमेरिकेचा जे-१ हा प्रशिक्षणाचा व्हिसा आहे. तिथे ‘स्पॉन्सर’ म्हणजे हॉटेल नव्हे, तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली संस्था असते आणि ती आपले शुल्क घेते. ते बेकायदा नाही, फक्त त्याची पावती आणि तपशील मागावा. प्रशिक्षणार्थीकडे पदवी किंवा पदविका आणि अमेरिकेबाहेरचा किमान एक वर्षाचा संबंधित अनुभव, अथवा पाच वर्षांचा अनुभव असावा लागतो. आतिथ्य क्षेत्रातले प्रशिक्षण जास्तीत जास्त बारा महिन्यांचे असते, आणि ते सहा महिन्यांचे किंवा अधिक असेल तर किमान तीन विभागांत फिरवून काम शिकवावे लागते. प्रशिक्षणाचा लेखी आराखडा असतो आणि त्यावर प्रशिक्षणार्थी, हॉटेल व संस्था अशा तिघांच्याही सह्या असतात. पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव असलेला माझा भाचा या मार्गासाठी सरळ पात्र होता! ज्या मुलाला राजरस्ता मोकळा होता, त्याला आडवाटेने नेऊन लुटले, याचे मला अधिक वाईट वाटते.

ऑस्ट्रेलियाचा आणखी एक मार्ग आहे, ज्यात स्पॉन्सर लागतच नाही. तिथल्या ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसाच्या वर्षाला १,००० जागा भारतीयांसाठी असून १८ ते ३० वयाच्या, बारावीनंतर किमान दोन वर्षे शिकलेल्या आणि कामापुरते इंग्रजी येणाऱ्या मुलामुलींमधून त्यांची सोडत निघते. चिठ्ठी निघेल याची खात्री कोणीच देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून लांब राहावे. युरोपीय संघातल्या बहुतेक देशांत हंगामी कामगाराला बारा महिन्यांत देशागणिक पाच ते नऊ महिनेच राहता येते व परवानगीची सुरुवात मालकापासून होते. ब्रिटनचा हंगामी कामगार व्हिसा तर फळ-भाजी-फुलशेती आणि कुक्कुटमांस उद्योगापुरताच आहे, तरीही ‘लंडनच्या हॉटेलात सिझनल व्हिसा’ अशी जाहिरात मी गेल्या महिन्यात वाचली आहे. ती आपल्या दैनिकात नव्हती, एवढे नमूद करतो.

आपल्या देशाचा कायदाही या बाबतीत गप्प नाही. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याने नोंदणी करणे बंधनकारक आहे, नोंदणीकृत एजंटांची यादी ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवर पाहता येते, आणि एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी याहून अधिक रक्कम घेता येत नाही. दहावी झालेल्याच्या पासपोर्टला उत्प्रवासन तपासणी, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याआधीची सरकारी मंजुरी, लागत नाही, हे खरे, पण म्हणून एजंटाला नोंदणीची गरज नाही असा त्याचा अर्थ होत नाही, आणि नेमका हाच गैरसमज गावोगाव पसरवला जात आहे.

भाच्याच्या १,२०,००० रुपयांपैकी ३०,००० परत आले. उरलेले ‘फाइल चार्ज’मध्ये गेले असे सांगण्यात आले. तक्रार द्यायला गेलो तेव्हा पावती विचारली गेली. गेट उघडल्यावर तो पुन्हा त्याच रिसॉर्टवर रुजू झाला, मात्र त्याच्या सुपरवायझरच्या जागी तोवर दुसरा मुलगा आलेला असल्याने त्याला एक पायरी खालून सुरुवात करावी लागली आहे.

जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये आणि हॉटेल व्यवस्थापनाच्या वर्गांत रोजगार मार्गदर्शन केंद्राने दिवाळीनंतर यावर एखादे व्याख्यान ठेवावे, हे मी संबंधितांना वेगळे लिहिलेच आहे. आपल्याकडे मागणे एकच आहे. परदेशी नोकरीची कोणतीही जाहिरात, ती दोन ओळींची का असेना, नोंदणी क्रमांक आणि कार्यालयाचा पत्ता असल्याखेरीज स्वीकारू नये आणि तो क्रमांक ‘ई-मायग्रेट’वर तपासूनच ती छापावी. या कामाला आपल्या जाहिरात विभागाला पाच मिनिटेही लागणार नाहीत. डिसेंबर उजाडला की या जाहिराती वाढतात, तेव्हा ही अट कधीपासून लागू करणार, ते कृपया याच स्तंभातून कळवावे.

आपला नम्र,
एक सेवा केंद्रचालक व नियमित वाचक
ता. चिमूर, जि. चंद्रपूर