शिवराई वाचवल्याबद्दल विट्याच्या तात्यांचे जाहीर आभार

तीर्थरूप तात्यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमच्यासमोर आभाराचा शब्द काढला की तुम्ही चहा सांगता आणि विषय बदलता. म्हणून हे चार लोकांत लिहितेय. खानापूर-आटपाडी भागातली माणसं गलाईसाठी देशभर गेली, सोनं-चांदी शुद्ध करण्यात त्यांची हयात गेली, हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. पण कोइंबतूरहून परत आल्यावर एका अनोळखी पोरीला तुम्ही ते सगळं ज्ञान बसवून शिकवलंत, ते कुणाला माहीत नाही.

आमची तासगावची द्राक्षबाग. घरात मोरचूद कायमच. बोर्डो मिश्रणासाठी आणलेल्या त्या निळ्या खड्यांतून तांबं चढवता येतं, हे कॉलेजात कळल्यापासून मला प्लेटिंगचं वेड. तुम्ही पहिल्याच भेटीत सांगितलंत, फवारणीचं मोरचूद सरावाला ठीक, गिऱ्हाइकाच्या कामाला शुद्ध प्रतीचंच घ्यायचं. आणि मग ते वाक्य, जे मी शेडच्या भिंतीवर लिहून ठेवलंय: "वर काय चढवतीस ते मागनं बघू, खाली काय हाय ते आधी बघ."

गौरीचे पितळी मुकुट, गणपतीच्या दूर्वा, देव्हाऱ्यातल्या छोट्या वस्तू, माझं सगळं काम या वाक्यावर चालतं. बफिंग, म्हणजे घासून चकाकी आणणं झालं, सोड्याच्या गरम पाण्यातून वस्तू निघाली, की तिच्यावर स्वच्छ पाणी ओतून बघायचं. पाणी सलग पसरलं तर पुढं जायचं, कुठं फाटलं किंवा थेंब धरले तर तिथं तेलकटपणा आहे, परत धुवायचं. सोन्याखाली निकेलचा थर का हवा, हेही तुमच्याकडूनच कळलं. तो नसला तर तांबं हळूहळू सोन्यात वर झिरपतं आणि रंग काळवंडतो.

पण या पत्राचं खरं कारण ती शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. साताऱ्याहून एक गृहस्थ पणजोबांच्या वेळची शिवराई घेऊन आले. लेकीच्या लग्नात पदकात बसवायची, सोन्याचं पाणी चढवून द्या म्हणाले. मी त्यांना घेऊन तुमच्याकडं आले. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', अक्षरं बोटांनी वाचावीत इतकी झिजलेली. तुम्ही ती उन्हात धरलीत आणि म्हणालात, "पोरी, हे आम्लात घालू नगंस. ह्याचं वय धुऊन जाईल."

मुलाम्याआधी आम्लात बुडवणं आलंच, आणि त्यात तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला तो गडद थर जातो, राहिलेली अक्षरंही आणखी पुसट होतात. गृहस्थ हिरमुसले. तेव्हा तुम्ही त्यांना दुसरी वाट दिलीत. नाण्याचा सिलिकॉनचा साचा घ्यायचा, आत ग्रॅफाइटची भुकटी चोळायची म्हणजे वीज वाहते, आणि तो मोरचूद-गंधकाम्लाच्या बाथमध्ये, म्हणजे मुलाम्याच्या द्रावणात, वीज जोडून लटकवून ठेवायचा. एक अँपिअर वीज तासाभरात साधारण 1.19 ग्रॅम तांबं बसवते. चौरस डेसिमीटरला एक अँपिअर धरलं तर तासाला जेमतेम 13 मायक्रॉन जाडी. अर्धा मिलिमीटर पत्रा तयार व्हायला दीड दिवसाहून जास्त. तुम्ही घाई करू दिली नाहीत, करंट वाढवला की कडेला तांबं खरखरीत होतं म्हणून. दोन्ही बाजू जोडून, निकेल देऊन, वर सोनं चढवलं ते त्या प्रतिकृतीवर. मूळ शिवराई जशी आली तशी कापडात बांधून परत गेली.

तुम्ही कडेवर प्रतिकृतीचा बारीक 'प्र' ठोकायला लावलंत, पुढं कुणी ती खरी म्हणून विकू नये यासाठी. नंतर मी वाचलं की 19व्या शतकात ब्रिटिश म्युझियमसाठी अशाच प्रती करणारे रॉबर्ट रेडी कडेवर आपली अक्षरं उमटवत. तुम्ही ते कुठं वाचलेलं नव्हतं. तुमच्या विचारातच ते होतं, याचं मला फार मोल वाटतं.

आणखी एक. सोन्याच्या मुलाम्यासाठी वापरतात तो सायनाइडचा बाथ घरात आणायचा नाही, हा तुमचा दंडक. त्यात चुकून आम्ल पडलं तर निघणारा वायू माणूस मारतो. तुम्ही शपथ घातलीत, म्हणून मी शेड घेऊन, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती काढून मगच काम वाढवलं. धुण्याचं पाणी अजूनही तुम्ही दाखवलं तसं चुन्यानं बसवते, गाळ वेगळा ठेवते. कृष्णेच्या काठच्या माणसांनी हे केलंच पाहिजे, असं तुम्ही म्हणाला होतात.

त्या गृहस्थांच्या लेकीचं लग्न झालं. पदकाचा फोटो सोबत जोडतेय, चष्मा लावून कड नीट बघा, 'प्र' तुमच्या मापाचा झालाय का ते सांगा. छाटणी उरकली की विट्याला येते. निकेलच्या बाथचा पीएच परत चढायला लागलाय, त्याचं पाणी बाटलीत घेऊन येते.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
तासगावची मुलगी